गृहवनस्पती, हिवाळ्यातील

उष्ण व उपोष्ण कटिबंधांतील वनस्पती थंड हवेच्या देशांत कुंड्यांत वा पेट्यांत लावून हिवाळाभर छपराखाली जिवंत ठेवण्याची कला व तंत्र. ही प्रथा प्रामुख्याने यूरोपात वाढली व तेथून उत्तर अमेरिकेत गेली. भारताच्या बहुतेक भागांत कुंडीतील झाड अंगणात, ओसरीवर किंवा गॅलरीत बारमाही उघड्यावर राहते व त्याला खरा धोका असतो तो वैशाखातील उन्हाचा. यूरोपात याच्या अगदी उलट स्थिती आहे. तेथे उन्हाळा हा कुंडीतील झाडाच्या विश्रांतीचा व वाढीचा काळ असून हिवाळा ही त्याची कसोटी होय. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईला दिवस सु. ११ तासांचा असतो, तर लंडनला तो आठ तासांहूनही किंचित लहान असतो आणि त्यातही सूर्य क्षितिजापासून फारसा वर येत नाही.

या तंत्राचा इतिहास म्हणजे थंडीवर मिळविलेल्या विजयाची कथा, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. झाडाला ऊब देण्याची युक्ती माणसाला फार लवकर साधली; पण ऊब देण्यासाठी जे उपाय योजले गेले, त्यांतूनच अंधार, कोंदट व विषारी हवा, कोरडेपणा आणि अतिरिक्त पाणी हे नवे शत्रू घरात आले. थंडीने मेलेल्या झाडांपेक्षा थंडीवरील उपायांनी मेलेल्या झाडांची संख्या बहुधा अधिक असावी.

थंडीने वनस्पती दोन प्रकारांनी मरते. तापमान गोठणबिंदूच्या खाली गेले म्हणजे ऊतकांतील पेशींच्या बाहेरच्या पोकळ्यांत बर्फ बनू लागते, ते पेशींतील पाणी ओढून घेते व पेशी शुष्क होऊन फाटतात. उष्ण कटिबंधातील पुष्कळ वनस्पतींना मात्र बर्फाची गरजच पडत नाही. ०° ते सु. १२° से. यांच्या दरम्यानच्या तापमानातही त्यांच्या पेशीपटलांतील मेद घट्ट होऊ लागतात, पटलांचे कार्य बिघडते व पाने काळवंडून गळतात. यावर ऊब हा उपाय आहे. परंतु उबेबरोबर झाडाचे श्वसन वाढते आणि प्रकाश अपुरा असल्यास प्रकाशसंश्लेषणाने मिळणारे अन्न त्या खर्चाला पुरत नाही. झाड साठविलेल्या अन्नावर जगत हळूहळू क्षीण होते. दुसरे असे की, ०° से. तापमानाची बाष्पाने संपृक्त हवा घरात घेऊन २०° से. पर्यंत तापविली, तर तिची सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली येते. पानांच्या कडा करपतात. ते पाहून माणूस कुंडीत पाणी ओततो. पण प्रकाशाअभावी वाढ थांबलेल्या झाडाची मुळे ते शोषू शकत नाहीत, मातीतील हवा नाहीशी होते व मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांमुळे पाने कोमेजतात आणि कोमेजलेली पाने पाहून आणखी पाणी घातले जाते. हिवाळ्यात घरातील झाडे मरण्याचे हे सर्वांत सामान्य कारण होय. ते समजण्यास मात्र सु. तीनशे वर्षे लागली.

प्राचीन रोम : वनस्पतीला हिवाळ्यात पारदर्शक आवरणाखाली ठेवण्याचा स्पष्ट उल्लेख रोमन लेखक थोरला प्लिनी याच्या निसर्गविषयक ग्रंथात (इ. स. पहिले शतक) मिळतो. सम्राट टायबीरियस याला काकडीची फार आवड होती. तिचे वाफे चाके लावलेल्या पेट्यांत तयार करून उन्हात फिरवीत आणि थंडीच्या दिवसांत जिप्समच्या पातळ पारदर्शक पत्र्यांनी झाकीत. याच शतकातील कवी मार्शल याने एका धनिकाची थट्टा केली आहे : त्याच्या फळझाडांना वाऱ्यापासून वाचविण्यासाठी पारदर्शक तावदाने आणि पाहुण्याला मात्र मोडक्या खिडकीची खोली. झाडाच्या उबेवर होणारा खर्च हा माणसांमधील विषमतेचा दाखला ठरण्याची ही बहुधा पहिलीच वेळ असावी. शेवटची मात्र नव्हे. रोमच्या ऱ्हासानंतर हे तंत्र यूरोपात दीर्घकाळ जवळजवळ लुप्त झाले.

ऑरेंजरी : सोळाव्या शतकात वनस्पतिउद्याने स्थापन होऊ लागली व समुद्रापारच्या वनस्पती यूरोपात येऊ लागल्या, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. इटलीतील पॅड्युआ येथील उद्यानात (स्थापना १५४५) १५८५ साली लावलेला कॅमेरॉप्स ह्युमिलिस या जातीचा ताड हिवाळी आच्छादनाच्या आधाराने टिकला. जर्मन कवी गटे याने तो १७८६ मध्ये पाहिला व तेव्हापासून तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. काचगृहातील हे झाड आजही जिवंत आहे.

आल्प्स पर्वताच्या उत्तरेकडील राजेरजवाड्यांना खरे वेड होते ते संत्र्या-लिंबांचे. जर्मनीतील हायडल्‌बर्ग येथे सतराव्या शतकाच्या आरंभी संत्र्याची झाडे जमिनीतच लावलेली असत व दर हिवाळ्यात त्यांच्याभोवती लाकडी इमारत उभारून ती भट्ट्यांनी तापवीत. वसंत ऋतूत ती पुन्हा उतरवीत. दरवर्षीचा हा खटाटोप टाळण्यासाठी पुढे दगडी बांधणीची कायम गृहे आली. झाडे लाकडी पेट्यांत लावून शरद ऋतूत आत आणीत. संत्र्यावरून या वास्तूंना ऑरेंजरी हे नाव पडले.

व्हर्साय येथील ऑरेंजरी ही यांपैकी सर्वांत भव्य होय. झ्यूल आर्द्वँ-मांसार या वास्तुशिल्पज्ञाने १६८४–८६ या काळात ती बांधली. तिचे मुख्य दालन १५० मी.हून अधिक लांब, दक्षिणाभिमुख आणि कित्येक मीटर जाडीच्या भिंतींचे आहे. तीत शेगडी वा भट्टी नाही. जाड भिंती, वरील गच्चीचा भराव आणि दक्षिणेकडील उंच खिडक्या एवढ्यांवरच आतील तापमान गोठणबिंदूच्या वर राहते. सु. हजारावर झाडे ऑक्टोबरमध्ये आत जातात व मे महिन्यात बाहेर येतात. हा क्रम आजही चालू आहे. ऑरेंजरीत झाड वाढत नाही, केवळ तग धरते. संत्र्यासारख्या चिवट पानांच्या सदाहरित वृक्षांना ५°–८° से. तापमानातील ही मंद झोप मानवते. थंडी आणि अंधार यांचे प्रमाण येथे जुळलेले असते. व्हर्सायच्या बांधणीत हे शहाणपण नकळतच आलेले दिसते. पुढील दोन शतकांत अनेकांनी ते गमावले.

तापविण्याचे प्रयोग : इंग्लंडमध्ये मर्टल, संत्रे इ. सदाहरित झुडपांना केवळ ‘हिरवी’ म्हणत व त्यांच्या हिवाळी निवासाला ‘हिरव्यांचे घर’, म्हणजेच ग्रीनहाउस. हरितगृह हा मराठी शब्द त्याचाच पर्याय आहे. तेथील सुरुवातीची हरितगृहे म्हणजे अपुऱ्या खिडक्यांच्या विटांच्या खोल्या असत. कडाक्याच्या रात्री त्यांत लोणारी कोळशाच्या उघड्या शेगड्या ठेवीत. धुराने व कोंडलेल्या हवेने झाडे पिवळी पडत आणि दोष थंडीला दिला जाई.

१६८३–८४ चा हिवाळा या दृष्टीने निर्णायक ठरला. त्या वर्षी टेम्स नदी गोठून तिच्यावर बाजार भरला होता. जॉन ईव्हलिन या ग्रंथकाराची लंडनजवळील डेटफर्ड येथे प्रसिद्ध बाग होती. फेब्रुवारी १६८४ मध्ये तो तिची पाहणी करण्यास गेला, तेव्हा अनेक दुर्मिळ झाडे नष्ट झालेली, रोझमेरी वाळलेली आणि आत ठेवलेली संत्री व मर्टल मरणपंथाला लागलेली त्याला आढळली. या नुकसानीचा वृत्तांत त्याने रॉयल सोसायटीकडे पाठविला व तो संस्थेच्या नियतकालिकात त्याच वर्षी छापून आला. एका माळ्याच्या दुःखाची नोंद विज्ञानाच्या दप्तरी झाली, हे त्याचे महत्त्व. पुढील वर्षी चेल्सी येथील औषधविक्रेत्यांच्या उद्यानात (स्थापना १६७३) ईव्हलिनने एक नवी रचना पाहिली : भट्टी हरितगृहाच्या जमिनीखाली होती व त्यामुळे कडक थंडीतही दारे-खिडक्या उघडता येत. आपल्या उद्यान-पंचांगाच्या १६९१ च्या आवृत्तीत त्याने स्वतःचा आराखडा दिला. भट्टी घराबाहेर ठेवून बाहेरील ताजी हवा नळ्यांमधून तापवून आत घ्यावी, आतली शिळी हवा बाहेर काढावी आणि आत तापमापक टांगावा, असे त्याने सुचविले. झाडाला उबेइतकीच स्वच्छ हवेची गरज आहे, हे इतक्या स्पष्टपणे यापूर्वी कोणी मांडल्याचे दिसत नाही.

अठराव्या शतकात अंदाजाची जागा मोजमापाने घेतली. लंडनमध्ये फाउलर नावाच्या कारागिराने बनविलेल्या तापमापकांवर अंशांच्या शेजारी वनस्पतींची नावे कोरलेली असत. वरच्या टोकाला अननस, खाली उतरत कोरफड, नंतर संत्रे व सर्वांत खाली मर्टल. कोणत्या झाडाला किती ऊब द्यावी, हे माळ्याला एका दृष्टिक्षेपात कळे. स्टीव्हन हेल्स याने १७२७ च्या आपल्या ग्रंथात झाडे पानांवाटे किती पाणी बाहेर टाकतात, ते वजन करून दाखविले. सदाहरित झाडांचा बाष्पोच्छ्वास तुलनेने कमी असतो व थंडीत तो आणखी मंदावतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. म्हणजेच हिवाळ्यात पाणी बेताने घालावे, या माळ्यांच्या अनुभवाला आधार मिळाला. पाण्याचे गणित किती नाजूक असते, हे नेदर्लंड्समधील हार्टेकाम्प येथे १७३६ साली केळीने दाखविले. डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक जॉर्ज क्लिफर्ड याच्या उष्णगृहात ती फुलत नव्हती. माळ्याने कार्ल लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून तिला काही आठवडे कोरडे ठेवले व नंतर भरपूर पाणी दिले. उष्ण प्रदेशातील कोरडा ऋतू व पाऊस यांचेच हे अनुकरण होते. केळ फुलली व लिनीअसने तिच्यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली.

सामान्य घरांत : ही सर्व धनिकांची साधने. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर आणि १८४५ पर्यंत जवळजवळ शतकभर काचेवरही कर होता. त्यामुळे गरिबाच्या घरात माणसालाच उजेड पुरत नसे. तरीही खिडकीतील एक-दोन कुंड्या पुष्कळ घरांत असत. ह्यू प्लॅट याने १६०८ सालच्या आपल्या पुस्तकात घराच्या आतील बागेचा विचार केला होता. दक्षिण आफ्रिकेतून आलेले जिरेनियम (पेलार्गोनियम) तळघरात मुळांसकट उलटे टांगून ठेवावे व वसंतात पुन्हा लावावे, ही यूरोप-अमेरिकेतील गृहिणींची जुनी रीत. खिडकीशेजारच्या कुंड्या रात्री खोलीच्या मध्यभागी आणणे, काच व झाड यांच्यामध्ये वर्तमानपत्राचे कागद लावणे, हेही नित्याचे होते. एका रात्रीच्या विसराळूपणाने वर्षाची मेहनत वाया जाई.

एकोणिसाव्या शतकात काच स्वस्त झाली. पण शहरांची हवा बिघडली. लंडनच्या पूर्व भागातील नेथॅन्येल बॅगशॉ वॉर्ड हा वैद्यक व्यावसायिक आपल्या आवारात नेचे लावू पाहत होता आणि कोळशाच्या धुराने ते सतत मरत होते. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीत, झाकण लावलेल्या बाटलीत ठेवला. पतंगाऐवजी त्या मातीतून एक नेचा व गवताचे रोप उगवले. बाटलीतील ओलावा काचेवर साठून पुन्हा मातीत मुरत होता. ही रोपे पाण्यावाचून जवळजवळ चार वर्षे जगली व झाकण गंजून पावसाचे पाणी आत गेल्यावरच मेली. वॉर्डने यावरून काचेच्या बंद पेट्या तयार करविल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून झाडे सिडनीला पाठविण्यात आली. परतीच्या प्रवासात १८३४ मध्ये हॉर्न भूशिराजवळ जहाजाच्या डेकवर बर्फ पडले, तापमान गोठणबिंदूच्या बरेच खाली गेले; तरीही झाडे लंडनला टवटवीत पोहोचली. वॉर्ड पेटीमुळे दूरच्या समुद्रप्रवासात झाडे टिकू लागली. रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची रोपे भारतात आणली, ती याच पेट्यांतून. दिवाणखान्यातही ही पेटी आली आणि इंग्लंडमध्ये नेच्यांचे वेड पसरले. धूर व कोरडी हवा या दोन्हींना तिने काचेबाहेर ठेवले, हे तिच्या यशाचे मर्म होय.

पेटीबाहेरच्या झाडांवर याच काळात नवे संकट आले, ते म्हणजे दगडी कोळशापासून मिळणारा दिव्याचा वायू. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी, खिडक्या बंद असताना, घरोघरी हे दिवे जळत. कळ्या उमलण्याआधीच गळत, पाने पिवळी पडत. आणि ही उबेची किंवा पाण्याची चूक असावी, असे समजून लोक उपाय करीत राहत. खरे कारण १९०१ मध्ये सेंट पीटर्झबर्ग येथील दिमित्री नेल्यूबॉव्ह या तरुण संशोधकाला सापडले. प्रयोगशाळेतील वाटाण्याची रोपे उभी न वाढता आडवी पसरत होती आणि बाहेरच्या शुद्ध हवेत नेली की सरळ होत. दिव्याच्या वायूतील एथिलीन हे अत्यल्प प्रमाणातही हा परिणाम घडविते, असे त्याने सिद्ध केले. एथिलीन हे वनस्पतींचे स्वतःचेच एक संप्रेरक आहे, हे पुढे कळले. फळे पिकविण्याच्या आजच्या शास्त्राचे मूळ अशा रीतीने काही अंशी हिवाळ्यातील आजारी रोपांत आहे.

या वायूला दाद न देणारी झाडे तेवढी टिकली. जपानची दक्षिणेकडील बेटे व तैवान येथील जंगलांत गर्द सावलीत वाढणारी ॲस्पिडिस्ट्रा ही त्यांत अग्रेसर होती. अंधार, धूळ, गारठा, उपेक्षा हे सर्व ती सोसते. व्हिक्टोरियाकालीन मध्यमवर्गाच्या प्रत्येक दिवाणखान्यात ती आली व अखेर त्या वर्गाच्या सोवळ्या प्रतिष्ठेचेच चिन्ह बनली. जॉर्ज ऑर्वेलच्या १९३६ मधील कादंबरीच्या नावातच तिचा उल्लेख आहे. तिची निवड आवडीपेक्षा हिवाळ्यानेच केली होती, हे टीकाकारांच्या फारसे ध्यानात आले नाही.

श्रीमंतांच्या काचगृहांत या सुमारास वाफेचे व गरम पाण्याचे नळ आले. उष्ण प्रदेशातील वनस्पती म्हणजे उकाडा हवाच, या समजुतीने आमरेही सतत दमट उष्ण्यात ठेवीत आणि ती हजारोंनी मरत. अँडीजसारख्या उंच डोंगरांवरील आमरांना गारवा व खेळती हवा लागते, ही गोष्ट १८६० नंतरच सर्वमान्य होऊ लागली. जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्‌सवर्थ येथे १८३६ ते १८४० या काळात उभारलेले प्रचंड काचगृह आठ बाष्पित्रांनी तापवीत. त्यांसाठीचा कोळसा भुयारातून येत असे. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. बाष्पित्रे थंडावली, झाडे मेली आणि १९२० मध्ये काचगृह सुरुंगांनी उडवून देण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धातील हानी याहून करुण आहे. लेनिनग्राडच्या वेढ्यात, १९४१ च्या हिवाळ्यात, तेथील वनस्पतिउद्यानाच्या काचगृहांच्या काचा भडिमाराने फुटल्या, इंधन संपले आणि पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला उष्ण कटिबंधीय संग्रह बहुतांशी गोठून नष्ट झाला. शहरात माणसे उपासमारीने मरत असताना उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनी काही निवडुंग आपल्या घरी नेले व जगविले. निवडुंगांना पाणी जवळजवळ लागत नाही आणि कोरड्या गारठ्यात ते बऱ्यापैकी टिकतात. म्हणूनच हे शक्य झाले. युद्धानंतरच्या संग्रहाला अशा झाडांचा आधार मिळाला.

आधुनिक काळ : विसाव्या शतकाच्या मध्यानंतर वायूचे दिवे गेले व मध्यवर्ती उष्णता-व्यवस्था घरोघर आली. गारठा संपला, पण हवा वाळवंटासारखी कोरडी झाली. नेचे मागे पडले व जाड, मेणचट पानांची झाडे पुढे आली. ईशान्य भारतातील रबराचा वड (फायकस इलॅस्टिका) हा त्यांपैकीच. मेघालयात ज्याच्या मुळांचे पूल ओढ्यांवर विणले जातात, तो वृक्ष यूरोपात दोन हात उंचीचा होऊन टेबलाशेजारी उभा राहिला. पूर्व आफ्रिकेतील आफ्रिकन व्हायोलेटने दुसरी वाट दाखविली. १९३८ पासून बाजारात आलेल्या प्रतिदीप्ती नळीच्या दिव्यांखाली ते ऐन हिवाळ्यात फुलू लागले आणि प्रकाशाची उणीव घरातच भरून काढता येते, हे सामान्य माणसाला प्रथमच कळले. नळ्यांची जागा आता एलईडी दिव्यांनी घेतली आहे. पाणी जास्त घालण्याची चूक मात्र कोणत्याही उपकरणाने थांबलेली नाही.

इंग्लंड, अमेरिका, कॅनडा येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न तुळस आणि कढीलिंब यांच्या रूपाने भेटतो. तापमान १०° से.च्या खाली गेले की, तुळशीची पाने काळी पडू लागतात. कार्तिकातील तुळशीविवाहाच्या वेळी महाराष्ट्रात ती मंजिऱ्यांनी डवरलेली असते. तिकडे त्याच नोव्हेंबरमध्ये तिला घरात आणून आठवडे उलटलेले असतात आणि दिवस झपाट्याने आखूड होत असतात. दक्षिणेकडील खिडकी व वर दिवा मिळाल्यास ती तगते; तरीही पुष्कळजण मंजिऱ्यांचे बी राखून वसंतात नवी रोपे करतात. कढीलिंबाची तऱ्हा वेगळी. गारव्यात तो पाने टाकून विश्रांती घेतो. तो मेला असे समजून कुणी त्याला टाकून देतात, तर कुणी जगविण्यासाठी रोज पाणी घालतात व मग तो खरोखरच मरतो. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवी दिसल्यास माती जवळजवळ कोरडी होऊ द्यावी आणि मार्चपर्यंत थांबावे.